चकल्यांचा डबा

चौऱ्याऐंशी सालची, अमेरिकेतल्या नेपरव्हिलमधली गोष्ट. सुहासिनीच्या सासूबाईंना पेटत्या स्वयंपाकघरातून बाहेर काढताना शेजारी राहणाऱ्या फायरमन फ्रँकचा पाय कायमचा अधू झाला. नोकरी सुटली, घराचा टॅक्स झेपेना, तेव्हा त्याने दारच्या मेपलला ‘फॉर सेल’ची पाटी ठोकली. जायबंदी फायरमनना टॅक्समध्ये सवलत होती, पण “मला चॅरिटी नको,” म्हणून तो अडून बसला. शेवटी सुहासिनीने फॉर्म स्वतःच भरला, चकल्यांच्या डब्यात ठेवला आणि त्याला बजावलं, “आमच्यात शेजाऱ्यांचा डबा रिकामा परत करत नाहीत. हाच कागद सही करून घाला.” आठवडाभर डबा आलाच नाही. मग एका सकाळी कुबडी टेकत फ्रँक आला. डबा खुळखुळत होता. आत सही केलेला तेलकट फॉर्म, आणि त्याखाली पाटीचे चार खिळे. सासूबाई म्हणाल्या, “आण तो डबा इकडे, भरते.”