उजवा कौल

अंबादासचं रक्त पातळ करायला सोलापूरच्या डॉक्टरांनी गोळी सांगितली. "नामांकित कंपनीची घ्या नाहीतर साधी, औषध एकच." त्याच्या बायकोला, सरोजिनीला, साधी पटली, पण निजाम गेला तरी घरात हुकूम सासूबाईंचाच, आणि त्या कंपनीच्या गोळीवर अडून बसल्या. शेवटी सरोजिनीनं तुळजापुरात चिंतामणीच्या दगडावर हात ठेवून साध्या गोळीला कौल मागितला. दगड उजवीकडं फिरला. देवीचाच होकार म्हटल्यावर सासूबाईही गप्प झाल्या.

महिन्याभरात अंबादासच्या नाकातलं रक्त थांबेना.

"गोळी कुठली देता?" डॉक्टर ओरडले.

"साधी. रोज सकाळी."

मागं उभ्या सासूबाई पुढं आल्या.

"अगं, मीबी गेले होते कौलाला. मलाबी उजवाच दिला गं... रोज रातच्याला दुधातून कंपनीची देतेय मी."