थंडगार लॅपटॉप

दहिवडीच्या विश्वजितनं घरची दोन बोकडं विकायला लावून वहीएवढा पातळ गेमिंग लॅपटॉप घेतला आणि आईला पटवलं, "अभ्यास जेवढा जास्त, तेवढा ह्यो तापतो." तेव्हापासून भामाबाई रोज संध्याकाळी पोराचं कपाळ बघावं तसा लॅपटॉपवर हात ठेवायची आणि चटका बसला की खूश होऊन दुधाचा पेला आणून द्यायची.

पण तापला की गेम रखडायचा. शेवटी विश्वजितनं आठवडाभर खटपट करून पंखे साफ केले, व्होल्टेज उतरवलं, खाली स्टँड दिला. आज दिवसभर गेम सुसाट पळाला, तरी लॅपटॉप थंडगार.

संध्याकाळी भामाबाईनं हात ठेवला आणि बराच वेळ तसाच धरला.



"अभ्यास सोडलास न्हवं? मग राह्यलेली शेरडं उद्यापास्नं तूच राखायची."