चौथा नारळ

"इंजिन हळू कर रे," म्हातारा तिसऱ्यांदा म्हणाला, आणि दामाजीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ओहोटी लागायच्या आत विकलेली होडी पलीकडच्या खाडीत पोचवायची, तर सोबत आलेल्या या जुन्या मालकाचं समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या दर टोकाला हेच. पाण्याचा रंग बदलला, की थांबा, दर्याला नारळ द्या, हात जोडा.

"अशानं खाडीच्या तोंडावर गाळात रुतू, बाबा!"

शेवटच्या टोकाशी पाणी उकळल्यागत उसळत होतं. दामाजीनं चरफडत आपणहूनच इंजिन हळू केलं आणि उरलेला नारळ म्हाताऱ्यापुढं धरला. "घ्या, उरका एकदाचं!"

म्हाताऱ्यानं तो परत पिशवीत टाकला.

"चल पुढं. इथं नारळ नाही. इथल्या पाण्याला पोरगा दिलाय मी."