स्मृतिवृक्ष

काकूंच्या हातात झारी देण्यात आली. नवी कोरी झारी, दांड्याला चकचकीत फीत बांधलेली. समोर कमरेइतकं गवत, गवताच्या ऐन मधोमध एक खड्डा, आणि खड्ड्याशेजारी पिशवीत मुळं गुंडाळलेलं झाड. पाटीसुद्धा तयार होती. वर 'स्मृतिवृक्ष', खाली काकूंच्या नवऱ्याचं नाव.

"या काकू, पुढे या," उद्यान समितीचे अध्यक्ष म्हणाले. "पहिलं पाणी तुमच्या हातचं."

काकू पुढे गेल्या आणि थबकल्या. खड्ड्याच्या कडेला गवताचे उपटलेले ठोंब पडले होते, शेंडे खाली, मुळं वर. हातभर लांब मुळं, उन्हाने वाळून नुसती सुतळी झालेली. ते पाहिलं आणि काकूंचं डोकंच फिरलं.

हे गवत त्यांच्या नवऱ्याने लावलं होतं, मागे उभ्या असलेल्या याच दोस्तमंडळींना हाताशी धरून. उद्यानाच्या या कोपऱ्यात पूर्वी जे देशी गवत होतं ते परत आणायचं, एवढं एकच खूळ त्याच्या डोक्यात होतं. रविवार आला की स्वारी पहाटेच पसार. संध्याकाळी त्याच्या मोज्यांतली कुसळं उपसत काकू गवताला आणि त्याला एकाच दमात शिव्या घालायच्या. तो हसायचा. पानात भाजी कोणती आहे याकडे त्याचं लक्ष नसायचं, आणि तोंडाने एकच चालू: गवतात झाड दिसलं की उपटायचं, सावली पडली की गवत गेलंच म्हणून समजा.

"हा खड्डा कुणी खणला?" काकूंनी विचारलं.

"आपल्याच मंडळींनी की," अध्यक्ष कौतुकाने म्हणाले. "काल सकाळपासून खपत होते बिचारे."

काकू मागे वळल्या. दातांचे डॉक्टर, नवऱ्याचे जिवलग दोस्त, स्वतःच्या बुटांकडे बघत होते. चित्रकलेच्या बाई गळ्यातला रुमाल उगाचच सारखा करत होत्या. बाकीच्यांना अचानक आभाळात काहीतरी दिसलं होतं.

"डॉक्टर, तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं, वहिनी. पण समितीने झाड आणलं, पाटी करून घेतली. आम्हाला वाटलं, तुम्हाला तेवढंच बरं वाटेल. मग नाही कसं म्हणायचं?"

"मला विचारलंत?"

डॉक्टर चाचरले. "तुम्ही कधी इकडे फिरकला नाहीत. म्हटलं, गवताचं तुम्हाला तसं काही..."

हे काकूंना झोंबलं. खरं होतं म्हणून जास्तच झोंबलं.

"नाहीच मला काही," त्या म्हणाल्या. "राग येतो मला या गवताचा. अर्धा संसार खाल्ला यानं माझा. पण ज्याच्यापायी ह्यांनी घरावर पाणी सोडलं, तेच तुम्ही उपटलंत? आणि वर निमित्त माझं?"

"मॅडम, जरा इकडे बघून हसा," स्टुलावर चढलेला फोटोग्राफर म्हणाला. काकूंनी त्याच्याकडे बघितलं. तो मुकाट्याने खाली उतरला.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "काकू, तुमच्या भावना समजतात आम्हाला. पण झाड म्हणजे सावली. लोक घटकाभर टेकतील, त्यांची आठवण काढतील. पुढच्या महिन्यात बाकही टाकतोय आपण."

"हे असते तर तुमचं झाड उपटून तुमच्याच दारात आणून ठेवलं असतं."

काकूंनी झारी खाली ठेवली आणि गवतात गुडघे टेकले. एक ठोंब उचलून सुलटा केला, मुळं सरळ केली आणि खड्ड्याच्या कडेशी धरून दोन्ही हातांनी माती ओढायला लागल्या.

"द्या वहिनी, मी करतो," डॉक्टर घाईघाईने पुढे आले.

"तुम्ही राहू द्या. काल केलंत तेवढं पुष्कळ झालं."

डॉक्टर तिथेच उभे राहिले. चित्रकलेच्या बाईंनी काही न विचारता दुसरा ठोंब उचलला. मग बाकीचेही वाकले. खड्डा मोठा होता, तो बुजायला वेळ लागला. पिशवीतलं झाड मात्र ताटकळत बाजूला उभं होतं.

"मग याचं काय करायचं?" अध्यक्षांनी विचारलं. आता त्यांचाही आवाज चढला होता.

"तुमच्या बंगल्यासमोर लावा."

"आणि पाटी?"

"तीही तिकडेच लावा. येता-जाता वाचत जा."

काकू उठल्या. हात कोपरापर्यंत मातीने भरले होते, कपड्यांवर गुडघ्यापासून खाली कुसळंच कुसळं. त्यांनी माती पायाने दाबली आणि डॉक्टरांकडे न बघता विचारलं, "धरेल का हे आता?"

"सांगता येत नाही," डॉक्टर हळूच म्हणाले. "मुळं फार वाळलीत."

रडायला काकू आल्या नव्हत्या, आणि या लोकांसमोर तर मुळीच नाही. त्यांनी झारी उचलली. पहिल्या ठोंबाच्या बुडाशी धार धरली. माती घटाघटा पाणी प्यायली आणि पुन्हा कोरडी दिसायला लागली. त्यांनी परत ओतलं. दुसऱ्या ठोंबाशी पोहोचेपर्यंत झारी रिकामी झाली.

काकूंनी ती उलटी करून झटकली, दांड्याची फीत ओढून काढली आणि झारी अध्यक्षांच्या हातात दिली.

"भरून आणा."