भागीबाईचं बेट

शिट्टी वाजली आणि सगळे नवरे बांबूच्या ढिगाकडे पळाले. गोटीरामही पळाला. भागीबाई तेवढी वाळूत उभी राहून ढिगाकडे बघत राहिली, बाजारात बैल बघतात तशी.

अंदमानच्या बेटावरची ही तिसरी आणि शेवटची सकाळ. अंबडच्या कारखान्याने वर्षाचं टार्गेट पुरं केलं म्हणून सहा जोडपी इथं आली होती, आणि निघता निघता हर्षलसाहेबांनी एक खेळ काढला होता. नवरा-बायकोने मिळून अर्ध्या तासात बारा बांबूंचा तराफा बांधायचा, त्यावर चढायचं आणि पाण्यातल्या लाल झेंड्याला वळसा घालून परत यायचं. कॅमेऱ्याच्या रोलमध्ये एकच फोटो उरला होता. तो जिंकणाऱ्या जोडीचा, आणि तो कारखान्याच्या गेटवर लागणार होता.

गोटीरामला फोटो नको होता. आणखी हसं होऊ नये, एवढंच त्याला हवं होतं. व्हायचं तेवढं मुंबईच्या विमानतळावर होऊन गेलं होतं. तपासणीवाल्याने भागीबाईच्या पिशवीतून कोयता बाहेर काढला आणि हा कशाला म्हणून विचारलं. तर ही सरळ सांगून मोकळी, की बेटावर चाललोय ना, मग बांबू तोडाया नको? आता सुरगाण्याच्या डोंगरात जन्म गेलेल्या बाईला बेट म्हणजे बांबूचं बेट, घरामागचं. चहूकडून पाणी असलेल्या जमिनीलाही बेटच म्हणतात, हे तिला सांगणार कोण? गोटीराम बेटावर जायचंय एवढं बोलून दाढी करायला बसला होता. पण हसायच्या वेळी सगळ्यांबरोबर तोही हसला. वर कानाशी येऊन म्हणाला, आता घरी जाईस्तोवर तोंड उघडू नको.

बोलल्याशिवाय जिच्या घशाखाली घास उतरत नाही, ती भागीबाई तीन दिवस गप्प होती. एवढा मोठा समुद्र पाहिला, गप्प. निळे मासे पाहिले, तरी गप्प. बाकीच्या बायका ‘बांबूवहिनी’ म्हणून हाक मारायच्या, तेव्हा ती पदर सावरून दुसरीकडे बघायची. लोकांचं तिला काही नव्हतं. नवरा हसला, ते लागलं होतं.

ढिगातल्या हिरव्यागार, जाडजूड बांबूंसाठी झोंबाझोंबी चालली होती. गोटीरामने कसेबसे दोन ओढून आणले आणि तिसऱ्याला हात घातला.

“ते टाका,” मागून आवाज आला. “वले हायेत. बुडतील.”

गोटीरामने दचकून वळून पाहिलं. गप्प बस म्हणायला त्याने तोंड उघडलं खरं, पण बाई केव्हाच पदर खोचून ढिगात शिरली होती. ज्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं, ते पिवळे, वाळके बांबू ती बोटांनी ठोकून बघत होती. आवाज फुटका आला की बांबू बाजूला. बारा निवडायला तिने चांगली दहा मिनिटं घेतली. गोटीरामचा जीव वरखाली होत होता, कारण बाकीच्यांचे तराफे निम्मे बांधून झाले होते.

मग त्याने घाईघाईने सगळे बुंधे एका बाजूला लावले, इतरांचं बघून. भागीबाईने पायानेच एकाआड एक बांबू फिरवला.

“एकाचा बुंधा, तर दुसऱ्याचा शेंडा,” ती म्हणाली. “फिटर ना तुम्ही?”

गोटीराम वरमला. लेव्हल बघण्यात ज्याची वीस वर्षं गेली, त्याला हे सुचू नये! त्याने मुकाट्याने दोरीचं टोक हातात घेतलं. ती बांबूवर पाय रोवून गाठी आवळत गेली, आणि ती सांगेल तिथं तो ओढत गेला.

पाण्यात मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. दोन तराफे झेंड्याच्या अलीकडेच सुटे झाले. दोन नुसते गोल फिरत राहिले. साहेबांचा तराफा हिरवागार, दिसायला सगळ्यांत झकास. पण मॅडम बसल्या शेंड्यांच्या बाजूला, आणि ती बाजू गेली पाण्याखाली. त्यांची टोपी तेवढी वर तरंगत होती. अंगात लाइफ जाकीट होतं म्हणून बरं.

गोटीरामचा तराफा मात्र ताटासारखा सपाट चालला होता. तो मध्ये मांडी घालून बसला होता आणि मागे भागीबाई उभी. उरलेल्यातला एक लांब बांबू तळाला रेटत तिने झेंड्याला वळसा घातला, घाई नाही की गडबड नाही. किनाऱ्यावर टाळ्या सुरू झाल्या. गोटीरामची छाती भरून आली, आणि विमानतळावरचं आपलं हसणं आठवून त्याला स्वतःची लाजही वाटली.

तराफा वाळूला लागला तसे हर्षलसाहेब भिजलेल्या कपड्यांनीच पुढे आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी गोटीरामला सोडून त्याच्या बायकोला नमस्कार केला.

“वहिनी, हे सगळं शिकलात कुठं?”

भागीबाईने तोंड उघडलं, मिटलं, आणि नवऱ्याकडे पाहिलं. सगळे थांबले होते.

“बोल भागी,” गोटीराम म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “मी चुकलो. बोल तू.”

“आमच्या बेटावर,” भागीबाई म्हणाली, आणि या खेपेला सगळ्यांत आधी तीच हसली. फोटो निघाला तो नेमका तेव्हाच.