ब्रदर आले का?

"ब्रदर आले का गं?" प्रीतम साळव्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा शलाकाबाईंनी नवऱ्याचा चष्मा आणि अंगठी पर्समध्ये कोंबली आणि औषधांची चिठ्ठी उचलली.

"येतील हो! पास्टर म्हणालेत ना पाठवतो म्हणून? बदलापूरहून उल्हासनगर म्हणजे काय शेजारची बिल्डिंग आहे? माझा जीव खाऊ नका. मी खालून इंजेक्शनं घेऊन येते."

त्या गेल्या. हॉस्पिटलचा हिरवा गाऊन घालून प्रीतम खाटेवर एकटेच उरले. पोटातल्या गाठीची त्यांना फारशी फिकीर नव्हती, ती डॉक्टर काढणार होते. काळीज पोखरत होती ती दुसरीच गोष्ट. दर रविवारी चर्चमध्ये डोळे मिटून प्रार्थना करायचे, पण ते एक पाप काही ओठांवर यायचं नाही. आता ते पोटात ठेवून भुलीचं इंजेक्शन घ्यायचं? आणि शुद्धच आली नाही तर? त्यांनी काल पास्टर अनीशना फोन केला होता. पास्टर बाहेरगावी निघाले होते. "एक ब्रदर पाठवतो," ते म्हणाले होते, "नवीन आहेत, तुम्ही ओळखत नाही. त्यांच्याजवळ मन मोकळं करा आणि मगच आत जा."

दार उघडलं. चष्म्याशिवाय प्रीतमना एवढंच दिसलं: पांढरा शर्ट, तोंडाला मास्क, पोरगेला बांधा.

"प्रीतम साळवे ना? मी ब्रदर. तुम्हाला तयार करायला आलोय, काका."

प्रीतमना एकदम भरून आलं. काय शब्द वापरला पोरानं! "तयारच आहे मी, ब्रदर."

"उपाशी आहात ना?"

"पाण्याचा थेंबसुद्धा नाही." पास्टर उपासाचं काही बोलले नव्हते, पण डॉक्टरांच्या कृपेनं तोही घडला होता.

"अंगावर काही दोरा, ताईत?"

"छे, छे! बाप्तिस्मा घेतला तेव्हाच सोडलं ते सगळं."

"छान. आता विचारेन ते खरं खरं सांगायचं. काही लपवायचं नाही. लपवलंत तर पुढे तुम्हालाच भारी पडेल."

प्रीतमच्या अंगावर काटा आला. पोरगा वयानं लहान, पण बोलतो कसा रोखठोक!

"दारू?"

"सुटली. प्रभूनं सोडवली."

"बिडी, तंबाखू?"

झालं! सगळं जग सोडून पोरानं नेमकं तिथंच बोट ठेवलं. प्रीतमनी त्याचा हात घट्ट पकडला.

"बिडीच, ब्रदर! बिडीनंच घात केला. अंबरनाथला कंपनीत होतो मी, स्टोअरला. आत ओढायला बंदी, तरी ओढली. माल पेटला, अख्खं गोडाऊन गेलं. आणि मी साहेबांना सांगितलं की बिडी वॉचमनची होती. त्या बिचाऱ्यानं जन्मात कधी सुपारीला हात लावला नव्हता. पोलिसांनी उचलून नेलं त्याला. नोकरी गेली. गावात लोक 'आगलाव्या' म्हणायला लागले. मरेपर्यंत तेच नाव."

पोराचा हात ताठ झाला. "नाव काय त्यांचं?"

"रघु. रघु गायकर."

"खरवईचे?"

"खरवईचेच. वारले हो ते! आता माफी मागू तरी कोणाकडे?"

पोरानं हात सोडवून घेतला. खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला, आणि मग तडक बाहेर निघून गेला.

प्रीतम हादरले. एवढं घाणेरडं पाप, की ब्रदरलाही बसवेना! ते खाटेवरून उतरले, सुटलेला गाऊन मागून कसाबसा धरत दारापर्यंत धडपडत गेले. "ब्रदर! अहो ब्रदर, असे जाऊ नका!"

तो परत आला. मास्कच्या वरचे डोळे लालबुंद झाले होते. त्यानं प्रीतमना दंडाला धरून खाटेवर बसवलं, गाऊनची नाडी बांधून दिली.

"हे चारचौघांत सांगाल? खरवईत जाऊन? बिडी माझी होती म्हणून?"

"सांगेन! नाक्यावर उभा राहून ओरडून सांगेन. जगलो-वाचलो तर."

"मग जगावंच लागेल तुम्हाला."

त्यानं खाटेचा कठडा धरला. मग एकेक शब्द ओढून काढल्यासारखा म्हणाला, "मी तुम्हाला माफ केलं."

'मी'? खरं तर 'प्रभूनं माफ केलं' असं म्हणायचं असतं. नवीन आहे, शिकेल हळूहळू, असं म्हणून प्रीतमनी मनातल्या मनात त्याला सांभाळून घेतलं. आणि मग त्यांना जे रडू फुटलं, ते आवरेना! इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आता डॉक्टरांनी सुरी चालवावी नाहीतर करवत, प्रीतम साळवे कशालाच भिणार नव्हते. त्यांनी डोळे पुसले तोवर पोरगा निघूनही गेला होता.

तेवढ्यात शलाकाबाई आल्या. त्यांच्यामागून बायबल छातीशी धरलेला एक गुटगुटीत गृहस्थ धापा टाकत आत शिरला.

"प्रेज द लॉर्ड, अंकल! सॉरी हां, लेट झाला. मी सुयोग. पास्टरनी पाठवलंय मला. काय ट्रॅफिक, काय ट्रॅफिक! रिक्षावाला जागचा हलेचना."

प्रीतम त्याच्याकडे बघतच राहिले. "तुम्ही ब्रदर? मग मघाशी आले होते ते?"

सुयोगला उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. दाराशी ट्रॉली येऊन थांबली होती, आणि सिस्टर मागे वळून कॉरिडॉरमध्ये हाक मारत होत्या, "गायकर ब्रदर, चला लवकर, साळवे काकांना आत घ्यायचंय!"