संहिताच्या खोलीतली भिंत

रंगाचा वास उत्तराला दारातच आला. लेकीला, संहिताला, शाळेत सोडून आणि सायकल खाली कुलूपबंद करून ती धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर पोचली होती. पावणेदहा झाले होते. दहाला भाडे समितीचा माणूस पाहणीला येणार होता.

"आई, हा वास कसला?"

"ये, बघ तरी." मालिनीबाई, तिच्या सासूबाई, हात पुसत पुढे झाल्या. तीन महिन्यांसाठी त्या साताऱ्याहून आल्या होत्या.

संहिताच्या खोलीत शिरताच उत्तरा उंबऱ्यातच थबकली. पलंगामागच्या ज्या भिंतीवर आठ महिने काळी बुरशी पसरत होती, ती भिंत पांढरीशुभ्र झाली होती.

"सरकारी माणूस येणार आणि असली भिंत दाखवायची? लाज वाटते बाई," मालिनीबाई म्हणाल्या. "सिंकखाली रंगाचा डबा होता, तोच फासला."

रडावं की ओरडावं, उत्तराला कळेना. कापेल या डच गावातल्या या इमारतीत दर जुलैला भाडं वाढायचं. जास्तीत जास्त किती वाढवायचं ते सरकार ठरवी आणि मालकाची कंपनी नेमकी तेवढंच वाढवी, एक सेंटही कमी नाही. घरात गंभीर दोष असेल तर मात्र समिती वाढ रोखू शकत होती. म्हणून यंदा उत्तरानं हरकत घेतली होती. कंपनीनं उत्तर धाडलं: बुरशी तुमच्या स्वयंपाकाच्या वाफेनं येते, खिडक्या उघडा. भर जानेवारीत खिडक्या उघडल्या आणि संहिताचा खोकला तेवढा वाढला. फोटो पाठवले, तर फोटो कुठलेही असू शकतात म्हणे! आता सगळी भिस्त आजच्या पाहणीवर होती. समितीनं वाढ मान्य केली तर कंपनी भिंतीकडे ढुंकूनही बघणार नव्हती, आणि पोरगी आणखी एक हिवाळा खोकत काढणार होती.

आणि सासूबाईंनी भिंत रंगवली. नगरपालिकेच्या घरपट्टी विभागात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या बाईनं! तिथल्या पाहण्यांचे किस्से त्या रोज जेवताना सांगत. उत्तराला ते पाठ झाले होते.

ओलं फडकं घेऊन ती भिंतीकडे धावली, तेवढ्यात बेल वाजली.

दे व्रीस नावाचा तो उंच माणूस निळा कोट घालून आला होता. मालिनीबाईंनी त्याला "सीट, सीट" करत थेट संहिताच्या खोलीत नेलं आणि भिंतीलगतच्या खुर्चीत बसवलं. खोली त्यांनी लख्ख आवरली होती. खेळणी टोपलीत, पलंगावर नवी चादर. रंगाचा डबा तेवढा कोपऱ्यात राहिला होता, झाकणावर मालकाच्या कंपनीचं लेबल. गेल्या वर्षी जिना रंगवायला आलेली माणसं तो विसरून गेली होती.

दे व्रीस कागद काढायला मागे टेकला आणि चमकून उठला. कोटाच्या पाठीवर पांढरा पट्टा उमटला होता. उत्तराला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं भिंतीला बोट लावलं. "हे कधी रंगवलं?"

"आज सकाळी," उत्तरा डचमध्ये म्हणाली. "म्हणजे माझ्या..."

"अगं, आधी खाऊ दे ना त्याला! गरम आहे." मालिनीबाईंनी शिऱ्याची बशी मध्येच घुसवली. या बाईला कधी, कुठे थांबायचं याचं काही आहे की नाही, असं उत्तराच्या मनात आलं.

दे व्रीसनं डब्याचा फोटो काढला. ओल मोजायचं यंत्र भिंतीला लावलं. ते बराच वेळ वाजत राहिलं. मग तो भराभरा लिहीत सुटला.

"मला एक सांगायचं होतं," दारात उत्तरा म्हणाली.

"मी पाहिलं ते लिहिलंय, मॅडम. पत्र येईल." कोट हातावर टाकून तो निघून गेला.

त्यानंतर चार दिवस उत्तरा सासूबाईंशी कामापुरतंच बोलली. मालिनीबाई मात्र रोज दुपारी उठून टपालपेटी बघून येत.

पाचव्या आठवड्यात पत्र आलं. उत्तरानं ते उभ्या उभ्या वाचलं आणि मग खाली बसून पुन्हा वाचलं. भाडेवाढ नामंजूर. रंगाखाली भिंत ओलीचिंब. ऐन पाहणीच्या सकाळी मालकानं दोष झाकण्याचा प्रयत्न केला, हे गंभीर आहे. पूर्ण दुरुस्ती होईपर्यंत भाडं कमी.

"आई! अहो, त्यांना वाटलं कंपनीनंच रंगवलं!" तिला हसू आवरेना. "नशीबच म्हणायचं."

"नशीब कसलं?" मालिनीबाईंनी मेथीची काडी बाजूला टाकली. "खुर्ची काय मी उगीच भिंतीला टेकवून ठेवली होती?"